परसातला विस्तव आणि घरातला राउटर

खानदेशात थंडी मुरू लागली आणि कपाशीची शेवटची वेचणी आटोपली, की यावल-रावेरपासून जळगावपर्यंतच्या शिवारांतून वाळलेल्या पऱ्हाट्यांचे जाळ दिसू लागतात. हिरव्या अंगावर पांढुरके पट्टे वागविणारी, थोराड आणि बियांनी विरळ अशी भरताची वांगी त्यांवर काळीठिक्कर होईपर्यंत भाजली जातात, आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे व कांद्याची पात यांच्यासह ठेचलेले भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर पंक्तीवर पंक्ती उठवीत संपते. ‘जळगाव भरीत वांगे’ या नावाने या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मात्र ज्या जाळावर ते भाजावयाचे त्या जाळाचे रूप आता ठिकठिकाणी पालटू लागले आहे. परदेशी स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांना पऱ्हाट्या कोठून मिळणार? शिवाय परसात मोकळा जाळ करण्याची मुभा तिकडच्या अनेक नगरांत नसते. त्यामुळे तेथे भरताचे काम झाकणाच्या ग्रिलवर होते. या ग्रिलचा सर्वांत नवा प्रकार, म्हणजे वाय-फायच्या योगे मोबाइलशी जोडला जाणारा ‘स्मार्ट’ ग्रिल, कायमचे परतणाऱ्या अशा एखाद्या कुटुंबाच्या घरसामानातून इकडच्या गच्चीवर येऊन पोहोचला, की त्याच्याबरोबर एक नवी कटकटही येते. विस्तव सहसा दगा देत नाही. दगा देतो तो संपर्क.

एके काळी बोरांसाठी नावाजलेले स्वतंत्र गाव असलेले आणि आज जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत मोडणारे मेहरूण या कटकटीचा विचार करण्यास मोठे सोयीचे ठिकाण आहे. कारण जुन्या मातीच्या जाड भिंती, नव्या सिमेंटच्या इमारती, पत्र्याची छपरे, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या, परसातली झाडे, वैशाखात पंचेचाळीस अंशांवर जाणारा पारा आणि अधूनमधून जाणारी वीज, असे रेडिओलहरींच्या वाटेत येणारे बहुतेक सर्व अडथळे येथे एकाच वस्तीत आढळतात. संपर्क तुटला, की माणूस हाताला लागेल ते बटण दाबीत सुटतो. दोष नेमका कोठे आहे हे आधी ठरवावे आणि मगच उपाय करावा, हा साधा क्रम पाळला तर यातील बहुतेक तक्रारी तंत्रज्ञाला न बोलाविता निकालात निघतात, आणि तो क्रम समजावून देणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. झाकणाच्या ग्रिलचा उगम १९५२ सालचा. शिकागोजवळच्या एका धातुकामाच्या कारखान्यात समुद्रावरील बोयांचे गोलार्ध घडविणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी तशाच गोलार्धाला पाय व झाकण बसवून तो तयार केला. पुढे १९८० नंतरच्या दशकात ओरेगन राज्यातील जो ट्रेगर यांनी लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटवर, चालणारा ग्रिल बाजारात आणला. त्यात एक मळसूत्री दांडा पेटीतील गोळ्या थोड्या थोड्या करून अग्निपात्रात ढकलतो, तापलेली कांडी त्या पेटविते, पंखा हवा पुरवितो आणि एक तापमापक काडी आतील उष्णतेची वर्दी नियंत्रकाला देत राहते. उष्णता घटली, की नियंत्रक गोळ्यांचा पुरवठा वाढवितो; वाढली, की आखडता घेतो. वाय-फाय या व्यवस्थेत अगदी अलीकडे आले, आणि ते आले ते केवळ ही वर्दी तुमच्या मोबाइलपर्यंत पोहोचविण्यासाठी व तुमचा हुकूम तेथून परत आणण्यासाठी.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. उष्णतेचा बंदोबस्त ग्रिलमधील नियंत्रक स्वतः ठेवीत असल्यामुळे संपर्क तुटला तरी रांधण्यात सहसा खंड पडत नाही. मोबाइलच्या पडद्यावर ‘ऑफलाइन’ असा शब्द उमटताच ग्रिलची वायर उपटणे ही सर्वांत मोठी चूक होय. पेलेटचा ग्रिल रीतसर बंद केला असता पंखा काही काळ चालू राहतो व अग्निपात्रातील उरलेले निखारे जाळून टाकतो. मध्येच वीज तोडली तर तो धुमसता विस्तव मळसूत्राच्या नळीतून मागे गोळ्यांच्या पेटीकडे सरकण्याचे भय असते. पंगत बसली असेल तर ॲप बाजूला ठेवावे, ग्रिलवरील बटणांनी काम चालवावे आणि वांगे शिजले की नाही याचा निर्णय देठाजवळ बोट दाबून घ्यावा. देठालगतचा गर मऊ लागला, की वांगे उतरविण्यास हरकत नाही, मग मोबाइल काहीही सांगो. संपर्काची दुरुस्ती विस्तव निवाल्यावरची आहे.

आता लहरींकडे वळू. आपल्या देशात बिनतारी लहरींचे पहिले जाहीर प्रयोग १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बसू यांनी करून दाखविले. त्यांच्या लहरी मधल्या भिंती ओलांडून गेल्या, त्यांनी पलीकडची घंटा वाजविली आणि बंदुकीची दारूही पेटविली. दुरून विस्तव चेतविण्याची कल्पना, तेव्हा, बिनतारी विद्येइतकीच जुनी आहे. बसूंच्या लहरींची लांबी मिलिमीटरांत मोजावी लागे. आजच्या ग्रिलचे वाय-फाय २.४ गिगाहर्ट्‌झ कंपनसंख्येवर चालते व त्याच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर भरते. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून असे कोणतेही यंत्र बाळगण्यास मनाई होती, आणि साधा रेडिओ ऐकण्यासाठीही पोस्टातून परवाना काढावा लागे, हे जुन्या पिढीला स्मरत असेल. जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्यातून सूट मिळाली, तेव्हापासून घरोघरी राउटर लावण्याची वाट मोकळी झाली. सूट सर्वांनाच असल्यामुळे त्या पट्ट्यात गर्दीही सर्वांचीच आहे: शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथची यंत्रे आणि २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालणारी मायक्रोवेव्ह भट्टी हे सर्व एकाच अरुंद पट्ट्यात बोलत असतात.

राउटरची प्रक्षेपणशक्ती साधारणतः शंभर मिलिवॅट. उघड्या जागी अंतर दुप्पट केले की पोहोचणारी शक्ती एकचतुर्थांश उरते. शक्तीचे मान ऋण आकड्यांत सांगतात व ते मोबाइलवरील साध्या ॲपमध्येही दिसते: उणे पन्नास म्हणजे उत्तम, उणे सदुसष्टपर्यंत समाधानकारक, आणि उणे ऐंशीच्या पलीकडे संपर्क टिकण्याची आशा धरू नये. उणे सत्तर या आकड्याचा अर्थ असा, की निघालेल्या शंभर मिलिवॅटपैकी एक अब्जांशच ग्रिलपर्यंत पोहोचत आहे. एवढ्या कृश शक्तीला वाटेतला प्रत्येक अडथळा जड जातो. धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत ती शोषून घेते. सिमेंटच्या स्लॅबमधील लोखंडी सळया आणि छपराचा पत्रा ती परतवितात. आणि पाणी तर या कंपनसंख्येला विशेष गिळते, त्यामुळे गच्चीवरील भरलेली टाकी, पावसाने निथळणारी दाट पालवी किंवा परसातील केळीचे बेट मध्ये आले, की एरवी ठीक चालणारा संपर्क लंगडू लागतो. स्वतः ग्रिल हीदेखील लोखंडाची पेटीच असते. त्याचा अँटेना सामान्यतः नियंत्रकाच्या प्लॅस्टिकच्या खोळीत असतो. ती बाजू घराकडे येईल असा ग्रिल फिरवून ठेवला, तर एक पैसाही न खर्चता संपर्क सुधारल्याचे पुष्कळदा आढळते.

अंतराचा हिशेब आटोपला, की राउटरच्या कारभाराकडे पाहावे. राउटर ही घराची चावडी समजावी: तेथे प्रत्येक यंत्राने आपले नाव सांगावे, पासवर्डाची खूण पटवावी, मग चावडीने दप्तरात नोंद करून त्याला काही मुदतीचा पत्ता द्यावा, आणि बाहेरगावचा सर्व टपालव्यवहार त्याच पत्त्यावर चालावा. नोंदणीच्या या कामात होणाऱ्या चुका ठरावीक असतात. पासवर्डातील लहानमोठ्या अक्षरांचा भेद पाळला गेला नाही, किंवा नेटवर्कचे नाव मराठीत अथवा चमत्कारिक चिन्हे घालून ठेवले, तर ग्रिलमधील साधी प्रणाली ते ओळखू शकत नाही. आधी सरळ रोमन अक्षरे व अंक यांत नाव ठेवून पाहावे. अनेक ग्रिलना केवळ २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा समजतो. आजचे राउटर २.४ आणि ५ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देऊन यंत्रांना आपल्या मर्जीने इकडेतिकडे ढकलतात, तेव्हा दोहोंना वेगवेगळी नावे द्यावीत आणि ग्रिलला पहिलेच सांगावे. राउटरची सुरक्षा केवळ डब्ल्यूपीए-३ या २०१८ मध्ये आलेल्या पद्धतीवर ठेवली असेल, तर तिच्या आधी घडविलेल्या यंत्राला दार उघडत नाही. डब्ल्यूपीए-२ किंवा दोहोंचे मिश्रण निवडावे. पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर ग्रिल नोंदविला, तर तेथील यंत्रांना एकमेकांशी बोलण्याची मनाई असते आणि मोबाइल व ग्रिल एकाच चावडीत बसूनही अनोळखी राहतात. पत्त्यांची संख्या मर्यादित ठेवली असेल व ती संपली असेल, तर नव्याने आलेल्या यंत्राला पत्ताच मिळत नाही. ‘नाना, राउटर एकदा बंद करून परत लावा,’ हा पुण्याहून पुतण्याने फोनवर दिलेला सल्ला अशा वेळी लागू पडतो, कारण त्यामुळे जुन्या नोंदी रद्द होऊन दप्तर नव्याने लिहिले जाते. पण तोच दोष पुन्हा उपटत राहिला, तर पत्त्यांची मर्यादाच वाढविली पाहिजे.

परदेशातून आणलेल्या ग्रिलच्या बाबतीत एक बारकावा विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा चॅनेल नावाच्या क्रमांकित वाटांत विभागलेला असतो. भारतातील पट्टा २४८३.५ मेगाहर्ट्‌झपर्यंत जात असल्याने येथील राउटर तेरापर्यंतचे चॅनेल वापरू शकतो. अमेरिकेसाठी घडविलेली यंत्रे मात्र अकराच्या पुढे सामान्यतः पाहतच नाहीत. राउटर ‘ऑटो’वर असला आणि त्याने एखाद्या रात्री आपण होऊन बारावा किंवा तेरावा चॅनेल धरला, की सकाळी घरातले सर्व मोबाइल सुरळीत चालतात आणि एकटा ग्रिल मात्र नेटवर्क मुळात अस्तित्वातच नाही असे सांगू लागतो. शेजाऱ्याला दोष द्यावा, कंपनीला द्यावा की नशिबाला, हे कळेनासे होते. उपाय एका ओळीचा आहे: राउटरच्या मांडणीत जाऊन १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनेल कायम करावा आणि त्याची रुंदी वीस मेगाहर्ट्‌झ ठेवावी. हेच तीन क्रमांक सांगण्याचे कारण असे, की लगतच्या दोन चॅनेलांत केवळ पाच मेगाहर्ट्‌झचे अंतर असते, वाय-फायची लहर मात्र वीस मेगाहर्ट्‌झ जागा व्यापते; तेव्हा एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा एवढ्याच उरतात.

वीजपुरवठ्याचेही असेच आहे. अमेरिकेत १२० व्होल्ट व ६० आवर्तने, आपल्याकडे २३० व्होल्ट व ५० आवर्तने. ट्रान्स्फॉर्मर लावून व्होल्ट उतरविता येतात, आवर्तने बदलत नाहीत, आणि आवर्तनांवर वेग ठरणारी मोटर मळसूत्राला बसविलेली असेल तर ती येथे सहाव्या हिश्श्याने मंद फिरून गोळ्या कमी टाकते. शिवाय लांब व बारीक तारेच्या एक्स्टेंशन बोर्डावरून ग्रिल चालविला, तर कांडी तापताना दाब खाली येऊन नियंत्रक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि पाहणाऱ्याला तो वाय-फायचा दोष वाटतो. लोडशेडिंगनंतर वीज आली, की ग्रिल क्षणार्धात जागा होतो, पण राउटर व त्यामागची फायबरची पेटी यांना सावरण्यास काही मिनिटे लागतात; तेवढ्यात ग्रिल हाका मारून थकलेला असतो. राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा. ती सोय नसेल तर राउटरचे दिवे स्थिर होईपर्यंत ग्रिलला हात लावू नये.

येथवर सांगितलेल्या कारणांपैकी आपल्या घरी कोणते लागू आहे, हे शोधण्यासाठी साखळी ध्यानात घ्यावी. ग्रिलचा निरोप आधी राउटरकडे, तेथून इंटरनेटच्या वाहिनीने कंपनीच्या दूरच्या सर्व्हरकडे आणि तेथून तुमच्या मोबाइलकडे जातो. तुम्ही ग्रिलपासून दोन हातांवर उभे असलात तरी अनेक बनावटींत निरोप हा सगळा वळसा घेतो. म्हणून पहिली रुजवात ग्रिलच्या स्वतःच्या पडद्यावर करावी: तेथे वाय-फायची खूण स्थिर असेल आणि मोबाइलवर तरीही ‘ऑफलाइन’ दिसत असेल, तर दोष घराबाहेर किंवा मोबाइलमध्ये आहे. खूण नसेल, तर मोबाइलचा डेटा बंद करून, ग्रिलच्या शेजारी उभे राहून, घरच्या वाय-फायवर एखादे पान उघडते का ते पाहावे. न उघडल्यास प्रश्न अंतराचा किंवा वाहिनीचा आहे. पान उघडले तर निर्णायक चाचणी करावी: दुसऱ्या मोबाइलचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्‌झवर चालू करून तो ग्रिलजवळ ठेवावा व ग्रिल त्याला जोडावा. जोडला गेला, तर ग्रिल निर्दोष आहे आणि राउटरच्या मांडणीत वर सांगितलेली एखादी चूक आहे. न जोडला, तर कंपनीच्या सेवाकेंद्राकडे दाद मागण्यास तुम्ही मोकळे आहात, आणि केलेल्या चाचण्यांचा तपशील हाताशी असल्यामुळे तेथील इसमाला ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढे सांगून तुमची बोळवण करता येणार नाही. एका वेळी एकच फेरफार करावा. एकदम चार केले तर कोणत्या उपायाने गुण आला ते कळत नाही.

प्रथम जोडणीच्या वेळी मोबाइलही अडथळा आणतो. त्या काही मिनिटांपुरते ग्रिल स्वतःचे छोटे नेटवर्क उभारतो किंवा ब्लूटूथवरून बोलतो. त्या नेटवर्कवर इंटरनेट नाही असे दिसताच मोबाइल परस्पर आपल्या डेटाकडे पळतो आणि जोडणी अर्ध्यावर मोडते; म्हणून तेवढा वेळ डेटा आणि व्हीपीएन बंद ठेवावे. अँड्रॉइडच्या मोबाइलवर ॲपला ‘लोकेशन’ची व आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी द्यावी लागते, ती पूर्वी कधी नाकारली असेल, तर ॲप कोणतेही कारण न देता नुसते शोधत बसते. प्रणालीची नवी आवृत्ती उतरविण्याचे काम पंगतीच्या दिवशी काढू नये. ते आदल्या आठवड्यात, वीज स्थिर असताना, उरकावे.

दोष निव्वळ अंतराचा ठरला, तर मागील दाराजवळ दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून बसवून तो पहिल्याशी केबलने जोडणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. शंभर मीटरपर्यंत ती केबल निर्धास्त नेता येते. केबल टाकण्याची तजवीज नसेल तर रिपीटर चालतो, मात्र तो ग्रिलपाशी न लावता, जेथे राउटरची शक्ती अजून चांगली पोहोचते अशा मधल्या टप्प्यावर लावावा. कारण जो निरोप त्यालाच धड ऐकू येत नाही, तो त्याने पुढे काय सांगावा? ग्रिलला मुळात फार वेग लागत नाही, तापमानाचे चार आकडे पोहोचले की पुरे. तेव्हा महागडा राउटर घेण्यापेक्षा स्वस्त राउटर योग्य जागी बसविणे अधिक शहाणपणाचे ठरते. उघड्यावरील यंत्र पावसाळी आच्छादनाखाली ठेवावे, वैशाखात उन्हात तापणाऱ्या पत्र्याला खेटून ठेवू नये, आणि नेटवर्कचे नाव, पासवर्ड, चॅनेल व ग्रिलचा अनुक्रमांक एका कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत सांभाळावा.

इतके सर्व करूनही साखळीची एक कडी आपल्या ताब्याबाहेरच राहते, ती म्हणजे कंपनीचा सर्व्हर. तो बिघडला तर काही तास, आणि कंपनीने ती सेवाच गुंडाळली तर कायमचे, घरातील सर्व व्यवस्था बिनचूक असूनही ॲप मुके होते. त्यावर मेहरूणच्या गच्चीवरून कोणताही इलाज चालत नाही. म्हणून या दोषावरचा उपाय खरेदीच्या आधीच करावयाचा असतो. दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत: इंटरनेट नसताना ब्लूटूथवरून ग्रिल चालविता येतो काय, तापमान ठरविण्याची बटणे ग्रिलच्या अंगावरच आहेत काय, आणि दाब व आवर्तने येथल्या पुरवठ्याशी जुळतात काय. तिन्हींची उत्तरे होकारार्थी आली तर वाय-फाय ही सोय म्हणून अवश्य घ्यावी. ॲपवाचून जो पेटत नाही आणि ॲपवाचून जो विझत नाही, तो ग्रिल कितीही सवलतीत मिळत असला तरी दुकानातच राहू द्यावा.